फाळके नसलेली गाडी

प्लायवूडचा अखंड तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असतो, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. टाटा एस, जिला अख्खा उत्तर भारत ‘छोटा हाथी’ म्हणतो, तिचा हौदा २२०० मिलिमीटर लांब. रुंदीला तक्ता आरामात बसतो, लांबीला नऊ-साडेनऊ इंच बाहेर राहतो. मग मागचा फाळका उघडून साखळ्यांवर आडवा ठेवायचा, त्यावर तक्त्यांची टोकं टेकवायची आणि शेवटी एक लाल चिंधी बांधायची. दिल्लीच्या कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून दिवसभर अशा गाड्या बाहेर पडत असतात. पोलीस बघतो, गाडीवाला पोलिसाकडे बघतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात.

मी प्रदर्शनांचे स्टॉल उभारतो. पुण्याहून दिल्लीला आलो तो एका ठेकेदाराच्या हाताखाली, नंतर साहिबाबादला स्वतःचा छोटा कारखाना टाकला. प्रगती मैदान, ग्रेटर नोएडाचं एक्स्पो मार्ट आणि आता द्वारकेचं यशोभूमी ही आमची शेतं. पंचवीसेक वर्षांच्या या धंद्यात सुतारकाम, रंगकाम, वीज, सगळ्यांबद्दल बोलणारे भेटतात. गाडीबद्दल कोणी बोलत नाही. खरं तर आमचा निम्मा जीव गाडीवर टांगलेला असतो. स्टॉल कितीही देखणा झाला तरी तो रात्री दोन वाजता हॉलच्या दारात न मोडता पोचला पाहिजे.

आमचा मालही विचित्र. ऑक्टानॉर्मची मीटरभर रुंद आणि अडीच मीटर उंच पॅनेल, एमडीएफच्या भिंती, बारा मिलिमीटर जाडीची काच, लोखंडी पाइप, गालिच्याची भेंडोळी, फ्रेममध्ये ताणलेलं छापील कापड, वर दोन-चार खुर्च्या आणि मालकाच्या आग्रहाखातर एखादं प्लास्टिकचं झाड. यातलं जवळजवळ काहीच हौद्याच्या मापात बसत नाही. चाकांचे उंचवटे, फाळक्यांच्या कडा, कोपऱ्यातले खांब, सगळं आडवं येतं. सुरुवातीची काही वर्षं भाड्याच्या गाड्यांवर काढली आणि जवळपास प्रत्येक फेरीत एखाद्या पॅनेलचा कोपरा फाळक्यावर आपटून फुटला. फुटलेला कोपरा प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लांबी भरून, घासून, रंगवून काढायचा. रंगाऱ्याची शिवी मात्र गाडीवाल्यापर्यंत कधी पोचत नसे, ती मीच ऐकायचो.

म्हणून स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी पिकअपची नुसती केबिन-चॅसी घेतली. महिंद्रा, इसुझू यांच्याकडे पिकअप हौद्यासकट मिळते, तशीच केबिन आणि मागे उघडी चॅसी अशीही मिळते. हौदा आपण आपल्या गरजेप्रमाणे बांधून घ्यायचा. मी गाझियाबादच्या एका बॉडीवाल्याकडे गेलो आणि सांगितलं, की पूर्ण सपाट डेक हवा. तीनही बाजूंना काही नको, फक्त केबिनच्या पाठीमागे मजबूत लोखंडी चौकट. त्याने दोनदा विचारलं, “पूरा प्लेन? डाला बिल्कुल नहीं?” मग शेजारच्या वेल्डरकडे पाहून हसला. त्याच्या आयुष्यात बहुधा सगळी गिऱ्हाइकं फाळके आणखी उंच करा, वर जंगला चढवा, असंच सांगत आलेली होती.

त्याचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. दिल्लीत पिकअप घेणारा माणूस साधारणपणे भाड्यावर जगतो. सकाळी आझादपूर मंडईतून भाजी, दुपारी सदर बाजारातून खोकी, संध्याकाळी जे मिळेल ते. त्याला पोती, क्रेट, वाळू, विटा, सगळं चालतं. भाडं एका बाजूचं मिळतं, पोट भरतं ते परतीच्या मालावर. सपाट डेकवर परतीचा माल मिळत नाही. कांद्याची पोती त्यावर कोण टाकणार? अशी गाडी पुढे विकायला काढली तरी तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. म्हणून भाड्याचा धंदा करणाऱ्याने सपाट डेकच्या नादी लागू नये, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

माझ्यासाठी मात्र त्या डेकने पहिल्याच महिन्यात धंद्याची चाल बदलली. नोव्हेंबरमध्ये प्रगती मैदानावर १४ ते २७ तारखेपर्यंत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. त्याची खरी परीक्षा उद्घाटनाला नसते, शेवटच्या रात्री असते. सत्तावीसला संध्याकाळी पब्लिक बाहेर पडलं की हजारो स्टॉल एकाच वेळी मोडायला घेतात. भैरों मार्गाच्या बाजूला गाड्यांची रांग लागते, आत जायला पास, हॉलच्या दाराशी थांबायला मोजकी मिनिटं आणि मागून हॉर्न. बंद बॉडीची गाडी मागच्या एकाच दाराने भरता येते. दोन माणसं आत, दोन बाहेर, बाकीचे बिड्या ओढत उभे. सपाट डेकवर तीनही बाजूंनी माल चढतो. एकीकडून पॅनेल, दुसरीकडून पाइप, मागून गालिचे. फोर्कलिफ्ट मिळाली तर आख्खं पॅलेट बाजूने सरळ डेकवर. त्या रात्री आमची गाडी हॉलच्या दारातून शेजाऱ्यांच्या निम्म्या वेळात हलली. शेजारचा ठेकेदार, जो एरवी माझ्याशी धड बोलत नसे, तो जवळ आला आणि डेकवर हात फिरवून गेला.

पण दारातून हलली म्हणजे निघाली असं नव्हे. पुढे जाऊन गाडी भिंतीकडेला लावली आणि मग बांधायला सुरुवात झाली. बांधण्यात जो वेळ गेला त्याने भरताना वाचवलेला सगळा वेळ परत घेतला. बंद बॉडीवाल्याने दार लोटलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि तो गेला. मी पुढची कित्येक वर्षं हा हिशेब घालत राहिलो. भरताना फायदा, बांधताना तोटा, उतरवताना पुन्हा फायदा. एकूण बेरीज साधारण सारखीच येते. फरक इतकाच, की सपाट डेकचा तोटा तुम्हाला सोयीच्या जागी, रस्त्याच्या कडेला सोसता येतो, हॉलच्या दारात नाही. आमच्या धंद्यात तेवढ्याने पैसे सुटतात.

बांधायचं काम कोणी करायचं हा प्रश्न तेव्हा मला गौण वाटला होता. पल्लेदार, म्हणजे आपल्याकडचे हमाल, दिल्लीत नगावर किंवा फेरीवर काम करतात. त्यांचं काम माल डेकवर ठेवला की संपतं. ड्रायव्हर म्हणतो, माझं काम गाडी चालवणं. मग दोर कोणी आवळायचा? सुरुवातीला ज्याच्या हातात दोर सापडेल तो आवळायचा. कोणी साडीला निरी घालावी तसा हळुवार, कोणी इतका करकचून की एमडीएफच्या कडेत दोर रुतून बसायचा.

मग बदायूंकडचा एक माणूस आमच्याकडे आला. आधी ट्रकवर क्लीनर होता. तो दोराला मधेच एक वळसा देऊन त्यातून मोकळं टोक खेचायचा, त्यामुळे एकट्याच्या ताकदीत दोन माणसांचा ताण यायचा. कडेला ट्यूबचे तुकडे, काचेला गोणपाट, पॅनेलच्या कोपऱ्यांना जाड पुठ्ठा. सगळं बांधून झालं की माल हाताने हलवून बघायचा, आणि गाडी निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबवून पुन्हा एकदा. ड्रायव्हर वैतागायचा. सुरुवातीला मीही वैतागलो. पण त्या पहिल्या थांब्यावर निदान एक तरी दोर ढिला झालेला सापडायचाच. माल हलून हलून आपली जागा धरतो आणि मग दोर सैल पडतो. रॅचेटचे पट्टे आणल्यावर मला वाटलं होतं की आता या माणसाची गरज उरली नाही. महिन्याभरात कळलं की पट्टा कोणीही आवळू शकतो, कुठे आवळायचा हे त्यालाच कळतं.

एका गोष्टीचा धडा मात्र आम्ही सगळेच एकदम शिकलो. लॅमिनेट लावलेली पॅनेल एकावर एक रचली की ती एकमेकांवरून घसरतात. वरून दोर कितीही ओढा, सर्वात वरचं पॅनेल दाबलं जातं, मधली सटकायला मोकळीच असतात. जुन्या राष्ट्रीय महामार्ग २४ वर, गाझीपूरच्या अलीकडे, समोरच्या टेम्पोने ब्रेक मारला, आमच्या ड्रायव्हरनेही मारला आणि मधल्या सात-आठ पॅनेलांनी पुढे झेप घेतली. केबिनमागची लोखंडी चौकट नसती तर ती सरळ काच फोडून दोघांच्या मानेवर आली असती. चौकटीला पोक आलं, बाकी काही झालं नाही. तेव्हापासून माल चौकटीला चिकटवून ठेवायचा, मधे बोटभरही फट नको, आणि दर चार-पाच पॅनेलांमध्ये रबराची पट्टी, हा नियम झाला. रबर म्हणजे खाणीत किंवा कारखान्यात वापरलेल्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे. मायापुरीच्या भंगारबाजारात वजनावर मिळतात.

डेकचा पृष्ठभागही असाच अनुभवातून बदलला. बॉडीवाल्याने चौकडीचा लोखंडी पत्रा घातला होता. दिसायला झकास, पण डिसेंबरच्या दवात तो तेल लावल्यासारखा निसरडा होतो. आता लोखंडी आडव्या चॅनलवर शटरिंगचं प्लाय आहे. ते खराब झालं की एका दुपारी बदलतो. आमच्याकडे सुतारांची कमी नाही.

वजनाचा विषय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण सपाट डेक त्याबाबतीत माणसाला फसवतो. १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा अखंड तक्ता साधारण ४० किलोचा असतो. असे १८ तक्ते म्हणजे ७२० किलो, छोटा हाथी जवळपास पूर्ण भरला. पण रचून ठेवले तर त्यांची उंची होते सव्वातीनशे मिलिमीटर, जेमतेम फूटभर. बघणाऱ्याला वाटतं गाडी रिकामी आहे, अजून ठेवा. पोत्यांनी भरलेली गाडी डोळ्यांना भरलेली दिसते, तक्त्यांची दिसत नाही. मोठ्या पिकअपची क्षमता १७०० किलोच्या आसपास असली तरी तिथेही हीच गत. काचेचं तर विचारूच नका. बारा मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो भरते, आठ बाय चारची एक काच नव्वद किलोच्या घरात. सहा काचा घोडीवर उभ्या केल्या तर डेक तसाच मोकळा दिसतो आणि पाटे मात्र सरळ झालेले असतात. मी कारखान्याच्या भिंतीवर तक्त्यांच्या वजनांचं कोष्टक रंगवून घेतलं आहे. पल्लेदार ते वाचत नाहीत, पण वाद झाला की मी बोट दाखवू शकतो.

दुसरा मोह लांबीचा. फाळके नाहीत म्हटल्यावर प्रत्येकाला डेक आणखी फूटभर मागे वाढवावासा वाटतो. नियम सांगतो की मागच्या धुरेच्या पलीकडचा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. तो नियम कागदावरचा नाही हे एकदा मागच्या टोकाला काच ठेवून गाडी चालवली की समजतं. पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात तरंगतं.

बाहेर डोकावणाऱ्या मालाबद्दलही कायदा आता कडक आहे. पूर्वी मागे मीटरभर माल बाहेर ठेवायला मुभा होती, ती २०१४ साली काढून टाकली. ट्रकबाहेर आलेल्या सळयांवर मागची वाहनं आदळून माणसं मरत होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली तेव्हापासून मापाबाहेर माल ठेवल्याचा दंड २० हजार रुपये आहे, वर माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. सपाट डेकचा हा फायदा मला सर्वात मोठा वाटतो: आमच्या मापाचा डेक बांधून घेतल्यामुळे अडीच मीटरचं पॅनेल आतच राहतं. जानेवारीच्या धुक्यात यमुना एक्स्प्रेसवेवर ज्याने कधी गाडी चालवली आहे त्याला लाल चिंधीची किंमत माहीत आहे. वीस पावलांवरचा ट्रकचा दिवा दिसत नाही तिथे चिंधी कुठली दिसायला! आमच्या डेकच्या कडेला सगळीकडे चकाकणारी पट्टी आहे, आणि मागच्या दोन टोकांना दिवे आम्ही जास्तीचे लावून घेतले.

आंधीचं मात्र काही करता येत नाही. मे-जूनमध्ये दुपारी चारला आभाळ पिवळं पडतं आणि दहा मिनिटांत धुळीची भिंत येते. बंद बॉडीवाला काच वर करून बसतो. सपाट डेकवर उभी पॅनेल असतील तर ती शिडासारखी वारा धरतात. आम्ही पुलाखाली थांबतो, आणि पुलाखाली जागा मिळाली नाही तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करतो. पावसाचं दुखणं वेगळं. ताडपत्री वरून टाकली की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण पाणी खालूनही येतं. चाकांचं उडालेलं पाणी फळ्यांच्या फटींतून वर चढतं आणि एमडीएफच्या कडा ब्रेडसारख्या फुगतात. म्हणून ताडपत्री आधी डेकवर अंथरायची, माल ठेवायचा आणि मग गुंडाळायची. जुलै-ऑगस्टमध्ये मी सरळ बंद गाडी भाड्याने घेतो. तत्त्वासाठी माल भिजवण्यात अर्थ नाही.

चोरीबद्दल थोडक्यात सांगतो. दिल्लीत मालवाहू गाड्यांना सकाळी आणि संध्याकाळी बऱ्याच रस्त्यांवर नो एंट्री असते. भरलेली गाडी हद्दीवर तासन् तास उभी राहते. बंद गाडीचा ड्रायव्हर कुलूप लावून झोपतो. आमचा ड्रायव्हर मालावर चादर टाकून झोपतो, उन्हाळ्यात आनंदाने आणि थंडीत मला शिव्या देत. लाल बत्तीवर मागून मुलं चढतात आणि हाताला लागेल ते ओढतात. पॅनेल कोणी नेत नाही, पण वायरची भेंडोळी, दिव्यांची खोकी आणि एकदा ते प्लास्टिकचं झाड गेलं. आता किमती आणि लहान वस्तू केबिनमागे जोडलेल्या लोखंडी पेटीत जातात. डेकवर जाईल ते एकट्या माणसाला उचलता येणार नाही असंच.

आणि माणसं? मोडकाम संपतं रात्री तीनला, मेट्रो बंद, पोरं दमलेली. ती पटापट मालावर चढून बसतात. हौद्याची गाडी असती तर निदान पाठीला फाळका असता. सपाट डेकवर वळणावर धरायला काही नाही. मालवाहू गाडीत मालाबरोबर माणसं बसवणं बेकायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी बसवली नसती. आम्ही दोन रिक्षा ठरवतो. त्याचे पैसे ग्राहकाच्या बिलात लावतो आणि कुठला ग्राहक का कू करतो ते लक्षात ठेवतो.

गणपतीत आमची गाडी एका मराठी मंडळाकडे जाते. दिल्लीत मराठी माणसं थोडी नाहीत. पहाडगंजचं बृहन्महाराष्ट्र भवन आहे, करोलबागेत सांगलीकडच्या गलाईवाल्यांची मोठी वस्ती आहे. मूर्ती आणायला सपाट डेक फार सोयीचा. तीनही बाजूंनी सजवता येतो, पायऱ्या लावता येतात, मूर्ती उचलून आत वाकायला लागत नाही. एका वर्षी बदायूंवाल्याने सवयीने दोर काढला तशा मंडळातल्या एक काकू पुढे झाल्या. “अहो, देवाला दोर काय लावताय?” त्याला भाषा कळली नाही पण आवाज कळला. तो हात जोडून मागे सरला आणि म्हणाला, “माताजी, भगवान को नहीं, पटरे को बाँधूँगा.” त्याने मूर्तीखालचा लाकडी पाट चारही बाजूंनी पट्ट्यांनी डेकला आवळला, पाटाभोवती वाळूच्या पिशव्या रचल्या आणि मूर्तीला हातही लावला नाही. दिल्लीतले गतिरोधक कोण बांधतं देव जाणे, पण त्या सगळ्यांवरून बाप्पा सुखरूप आले. विसर्जनही तसंच. यमुनेत विसर्जन आता होत नाही, कृत्रिम कुंडापर्यंत जातो.

गुरुग्रामला फार्महाऊसवाले काही ग्राहक आहेत. त्यांच्याकडे महागड्या, चार दारांच्या पिकअप असतात आणि ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांच्या गाड्या पाहून त्यांनाही मागचा हौदा काढून सपाट ट्रे बसवावासा वाटतो. ऑस्ट्रेलियात ते सर्रास चालतं. जपानमधले छोटे केई ट्रकही पाहा, त्यांचे तीनही फाळके खाली पडतात, त्यामुळे हवा तेव्हा डेक सपाट. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आपल्याकडे आहे. नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल केला तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती न करता बॉडी बदलली, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. शिवाय त्यांना त्यावर न्यायचं काय असतं, तर दोन सायकली आणि बर्फाची पेटी. मी त्यांना नाही म्हणून सांगतो. एक जण रागावला, त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं. पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

एनसीआरमध्ये राहणाऱ्यासाठी आणखी एक हिशेब आहे जो पुण्या-नाशिकच्या माणसाला घालावा लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीच कायम केली. पुढे त्यात बरीच खळखळ झाली, पण गाडी घेताना माझ्या डोक्यात दहा वर्षांचाच आकडा पक्का बसला. चॅसी दहा वर्षं, आणि चांगला बांधलेला डेक सहज वीस वर्षं टिकतो. म्हणून दुसऱ्या खेपेला मी डेक वेल्ड न करता यू-बोल्टवर बसवून घेतला. जुनी गाडी ना हरकत दाखला काढून परराज्यात विकली, डेक काढून ठेवला आणि थोडं काम करून नव्या चॅसीवर चढवला, अर्थात नोंद करूनच. नवी गाडी सीएनजीची असेल तर खाली सिलिंडर असतात. मग डेकखाली अवजारांच्या पेट्या टांगायची जुनी सोय जाते आणि डेकही मनासारखा खाली घेता येत नाही.

उंचीची तक्रार तर पहिल्या दिवसापासून आहे. डेकखाली आधाराचे चॅनल आले की कारखान्याच्या हौद्यापेक्षा तळ चार-पाच बोटं वर जातो. कागदावर ते काहीच नाही. नव्वद किलोची काच चौघांनी उचलताना त्या चार बोटांसाठी खांदा आणखी एकदा उचलावा लागतो. पल्लेदारांनी आमच्या गाडीचा दर वाढवून मागितला आणि मी घासाघीस न करता दिला.

सध्याचा आमचा डेक पूर्ण सपाटही नाही. कडेने दर दोन फुटांवर खाचा आहेत, त्यांत पाइप उभे करता येतात आणि दीड फुटाचे सुटे फाळके अडकवता येतात. बॉडीवाल्याने हे ऐकून पुन्हा हसून घेतलं, “आखिर डाला लगवा ही लिया!” लावले खरे, पण दहातल्या आठ फेऱ्यांना ते कारखान्यात भिंतीला टेकलेले असतात. एक जोडी ग्रेटर नोएडाला कुठल्यातरी हॉलमागे राहून गेली आणि परत मिळाली नाही. सुटी वस्तू हरवते, हेही या रचनेच्या तोट्यांत धरा.

मला कोणी विचारलं, की गाडी घ्यायची आहे, सपाट डेक घेऊ का, तर मी मालाबद्दल नंतर बोलतो. आधी विचारतो, तुमच्याकडे बांधायला कोण आहे? दर फेरीला नवा ड्रायव्हर आणि नाक्यावरून उचललेले हमाल असतील, तर फाळक्यांची किंवा बंद बॉडीची गाडी घ्या. तिथे निम्मी जबाबदारी लोखंड घेतं. कायमचा माणूस असेल, त्याला थांबून दोर तपासायची मुभा असेल आणि त्याचा पगार ड्रायव्हरपेक्षा कमी नसेल, तर खुशाल सपाट डेक घ्या. आमच्याकडे तो ड्रायव्हरपेक्षा जास्त आहे. त्यावरून ड्रायव्हर मंडळी अजून रुसलेली आहेत.

बदायूंवाला पुढच्या होळीनंतर गावी जातो आहे, कायमचा. गुडघे गेले आहेत आणि मुलगा शेती बघत नाही म्हणतो. दोन पोरांना त्याने शिकवायला घेतलं, त्यातला एक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि दुसऱ्याच्या हाताला अजून ताण कळत नाही. पुढची गाडी मी बंद बॉडीची सांगितली आहे.